हंगामाची अखेर आणि विदर्भाचे क्रिकेट : रणजी करंडकातील काही निर्णायक क्षणांचा ऐतिहासिक वेध

प्रस्तावना

खेळाचा इतिहास हा बहुधा विजेत्यांच्या याद्यांचा आणि आकडेवारीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रत्यक्षात लोकांच्या स्मरणात याद्या राहत नाहीत. एखादा चेंडू, एखादा झेल, एखादी संध्याकाळ तेवढी राहते. असे स्मरणीय क्षण हंगामाच्या सुरुवातीला सहसा घडत नाहीत. ते हंगामाच्या अखेरीस, खेळाडू थकलेले असताना आणि चूक भरून काढण्यास पुढचा सामना उरलेला नसताना घडतात. अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत ही जाणीव इतकी रुजली आहे की, तेथे ऑक्टोबर महिन्यालाच एक सांस्कृतिक अर्थ प्राप्त झाला आहे. 1903 पासून तेथील विजेतेपदाची अंतिम मालिका खेळली जाते. 3 ऑक्टोबर 1951 रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर मारलेला फटका आजही तेथे सांगितला जातो. तेरा सामन्यांहून अधिक पिछाडीवर असलेला जायंट्स संघ त्या एका फटक्याने विजेता ठरला. पुढे 2001 मध्ये हा संघ दुर्बिणीच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून पाहत असे, ही गोष्ट उजेडात आली. तरी त्या क्षणाचे स्मरण पुसले गेले नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी ही बाब आहे. स्मरण आणि पुरावा यांची चाल नेहमीच एक नसते.

बेसबॉल वऱ्हाडाला अगदीच परका आहे असे मात्र म्हणता येत नाही. 1914 मध्ये अमरावतीत स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच ऑलिम्पिकमध्ये बेसबॉलही प्रात्यक्षिक खेळ म्हणूनच दाखविण्यात आला होता. अमरावतीची कबड्डी आणि अमेरिकेचा बेसबॉल हे दोन्ही त्या वर्षी जगाच्या अंगणात पाहुणे म्हणून उभे होते. परंतु हंगामाच्या अखेरीचा जो थरार अमेरिकी माणूस बेसबॉलमध्ये शोधतो, तो वऱ्हाडी माणसाला मिळाला तो क्रिकेटमध्ये, आणि तोही फार उशिरा. प्रस्तुत निबंधात विदर्भाच्या रणजी करंडकातील अशा काही क्षणांचा मागोवा घेतला आहे.

पूर्वपीठिका

रणजी करंडक स्पर्धा 1934-35 मध्ये सुरू झाली तेव्हा या भूभागाचा संघ 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या नावाने खेळत असे. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ या चार जिल्ह्यांचा वऱ्हाड निदान नावापुरता तरी त्या संघात होता. राज्यपुनर्रचनेनंतर 1957-58 च्या हंगामापासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी करंडकात उतरला आणि वऱ्हाडाचे नाव विदर्भाच्या नावात सामावले गेले. प्रशासनाचे केंद्र नागपूर, मैदान नागपूरचे, निवड नागपुरात; अकोला-अमरावतीच्या मुलाने क्रिकेट खेळायचे तर पूर्वेकडची गाडी धरायची, असा प्रघात पडला.

त्याही आधीच्या काळात गुणवंत खेळाडू या प्रदेशातून बाहेर जात राहिले. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म 1895 मध्ये नागपुरात झाला. त्यांच्या कारकिर्दीचा वैभवकाळ मात्र इंदूरच्या होळकर संघाशी जोडला गेला. हेमंत कानिटकर यांचा जन्म 1942 मध्ये अमरावतीचा. ते खेळले महाराष्ट्राकडून आणि 1974 मध्ये बंगळूरच्या कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध पदार्पणाच्या डावात त्यांनी 65 धावा केल्या. त्यांचे चिरंजीव हृषीकेश कानिटकर यांनी 18 जानेवारी 1998 रोजी ढाक्याच्या अंतिम सामन्यात, दोन चेंडूंत तीन धावा हव्या असताना, सकलेन मुश्ताकला चौकार मारून भारताला विजय मिळवून दिला. हंगामाच्या अखेरीचा क्षण कसा असतो हे त्या संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या साऱ्या देशाने पाहिले. पुढे 2010-11 आणि 2011-12 अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली राजस्थानने रणजी करंडक जिंकला. अमरावतीत जन्मलेल्या क्रिकेटपटूच्या मुलाने हा करंडक उंचावला तेव्हा विदर्भाचा संघ अद्याप अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरही पोहोचलेला नव्हता.

सहा दशके हा संघ खेळत राहिला. त्याची नोंद इतरांच्या पराक्रमांच्या तळटीपेत होत राहिली. विदर्भाकडून खेळलेला पहिला कसोटीपटू होण्याचा मान उमेश यादव यांना मिळाला, तो नोव्हेंबर 2011 मध्ये, म्हणजे संघाच्या स्थापनेनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर.

कोलकाता आणि इंदूर

2017 चा खरीप हंगाम विदर्भात गुलाबी बोंडअळीचा होता. यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशीची बोंडे किडली. अशा वर्षाच्या अखेरीस, तूर कापणीला आली असताना, विदर्भाचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह टाळला पाहिजे. क्रिकेटच्या विजयाने बोंडअळी हटत नाही. पण त्या हिवाळ्यात वऱ्हाडातील वर्तमानपत्रांत चांगली बातमी किती दुर्मीळ होती, हे ध्यानी घेतल्याशिवाय पुढच्या घटनांचे वजन कळणार नाही.

उपांत्यपूर्व सामन्यात सुरत येथे विदर्भाने केरळचा 412 धावांनी पराभव केला. डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाशी उपांत्य सामना झाला. विदर्भाचा पहिला डाव 185 धावांत आटोपला. कर्नाटकाने 301 धावा केल्या. त्यात करुण नायर यांच्या एकट्याच्या 153 होत्या. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. दुसऱ्या डावात विदर्भाने 313 धावा जमविल्या. त्यात गणेश सतीश यांच्या 81 धावांचा वाटा मोठा होता, आणि सतीश हे मूळचे कर्नाटकाचे. कर्नाटकापुढे 198 धावांचे लक्ष्य होते. चौथ्या दिवसअखेर 7 बाद 111. अखेरच्या सकाळी तीन गडी आणि 87 धावा असा हिशेब उरला.

ही सकाळ विदर्भाच्या क्रिकेटच्या इतिहासात निराळी काढून ठेवावी लागते. कर्नाटकाचे तळाचे फलंदाज चिवटपणे लढले. विनय कुमार यांनी 36 आणि अभिमन्यू मिथुन यांनी 33 धावा केल्या. श्रेयस गोपाल एका टोकाला उभे राहिले. अंतर कमी होत होत एका चौकाराच्या जवळपास आले. रजनीश गुरबानी या स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या तरुण गोलंदाजाने अखेर डाव 192 धावांवर संपविला. विजय पाच धावांनी. गुरबानीने त्या डावात 68 धावांत 7 आणि सामन्यात 12 गडी बाद केले. अनुभवी उमेश यादव संघात असताना हे घडले, हे विशेष.

अंतिम सामना 29 डिसेंबर 2017 पासून इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीविरुद्ध सुरू झाला. नागपूरच्या नायडूंना ज्या शहराने आसरा दिला, त्याच शहरात विदर्भाची कसोटी लागावी हा योगायोग खराच. त्याहून अधिक अर्थ त्यात शोधण्याचे कारण नाही. या सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरे या एकोणीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाने प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. साठ वर्षे वाट पाहिलेल्या संघाने आपल्या पहिल्याच अंतिम सामन्यात नवखा चेंडूफेक्या उतरवावा, यात निवड करणाऱ्यांचे धाडस दिसते. वऱ्हाडाच्या दृष्टीने हा तपशील गुरबानीच्या पराक्रमाइतकाच नोंदवून ठेवण्याजोगा आहे. सामन्याच्या धावपत्रकापलीकडे तो फारसा कोठे सांगितला जात नाही, ही खेदाची बाब होय.

30 डिसेंबरच्या सकाळी गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचा त्रिफळा उडविला. पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर 145 धावांवर खेळत असलेल्या ध्रुव शोरीची यष्टी गेली. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यातील ही दुसरी हॅट्ट्रिक होती. पहिली 1972-73 मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी मुंबईविरुद्ध घेतली होती. हॅट्ट्रिक दोन षटकांत विभागली गेल्याने मधल्या षटकात सर्वांना थांबावे लागले. दुसऱ्या टोकाचे सहा चेंडू पडेपर्यंत गोलंदाज काय विचार करत असेल, याची नोंद कोणत्याही धावपत्रकात राहत नाही. दिल्लीचा डाव 295 धावांत संपला; गुरबानी 59 धावांत 6 बळी.

विदर्भाचे उत्तर 547 धावांचे होते. अक्षय वाडकर या यष्टिरक्षकाने आपले पहिले प्रथम श्रेणी शतक, 133 धावांचे, याच डावात झळकाविले. आदित्य सरवटे 79, वासिम जाफर 78, सिद्धेश नेरळ 74, कर्णधार फैज फझल 67. दिल्लीचा दुसरा डाव 280 धावांत आटोपला आणि 1 जानेवारी 2018 रोजी 29 धावांचे किरकोळ लक्ष्य एका गड्याच्या मोबदल्यात गाठले गेले.

या विजयामागे दोन मुंबईकर होते. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे पहिले. त्यांच्या कडक शिस्तीच्या कथा पुष्कळ आहेत. दुसरे वासिम जाफर. आदल्या हंगामात दुखापतीमुळे खेळू न शकल्याने त्यांनी हा हंगाम मानधनाविना खेळून काढला. विदर्भाच्या अस्मितेचा विजय म्हणून जो साजरा झाला, त्यात बाहेरच्यांचा वाटा मोठा होता. त्याने विजयाला उणेपणा येत नाही. प्रादेशिक अभिमानाच्या मांडणीत मात्र हा भाग हमखास गाळला जातो.

जामठा : पुनरावृत्ती

एकदा जिंकणे हा योग मानता येतो. पुढच्याच वर्षी पुन्हा अंतिम फेरी गाठल्यावर तसे म्हणता येईना. 3 ते 7 फेब्रुवारी 2019 या काळात नागपूरजवळच्या जामठा येथे सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना झाला. विदर्भ 312, सौराष्ट्र 307. पाच धावांच्या या आघाडीला पाच धावांपेक्षा कितीतरी अधिक किंमत होती. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावाच्या आघाडीवर विजेता ठरतो. विदर्भाचा दुसरा डाव 200 धावांत संपल्यावर सौराष्ट्रापुढे 206 धावांचे लक्ष्य होते. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने दोन्ही डावांत चेतेश्वर पुजारा यांना बाद केले. धावा अनुक्रमे एक आणि शून्य. पुजारा त्याच महिनाभरापूर्वी ऑस्ट्रेलियात तीन शतके ठोकून भारताला पहिली मालिका जिंकून देऊन परतले होते. सरवटेने सामन्यात 11 बळी घेतले आणि विदर्भ 78 धावांनी जिंकला. जाफर यांनी त्या हंगामात 1037 धावा केल्या. रणजी करंडकाचे दहा अंतिम सामने आणि दहाही विजय, असा त्यांचा लेखाजोखा होता.

त्यानंतर आठवडाभरात इराणी करंडकाचा सामना जामठ्यालाच झाला. हनुमा विहारी यांनी दोन्ही डावांत शतके केली. विदर्भापुढे 280 धावांचे लक्ष्य असताना अकोल्याच्या अथर्व तायडे या अठरा वर्षांच्या सलामीवीराने 72 आणि गणेश सतीश यांनी 87 धावा केल्या. 5 बाद 269 अशा अवस्थेत, केवळ अकरा धावा हव्या असताना, कर्णधारांनी हस्तांदोलन करून खेळ थांबविला. आघाडीच्या जोरावर करंडक विदर्भाकडे राहिला. दोनच दिवसांपूर्वी, 14 फेब्रुवारीला, पुलवामाचा हल्ला झाला होता. फझल यांनी बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबीयांना देण्याचे जाहीर केले. हंगामाची अखेर तेथे जल्लोषाविना झाली.

वानखेडे, मार्च 2024

पराभवाचेही स्मरण राहते. कित्येकदा तेच अधिक काळ टिकते. वानखेडे मैदानाला याचा जुना अनुभव आहे. मे 1991 मध्ये तेथे मुंबईला हरियाणाविरुद्ध 355 धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकर 96 धावांवर बाद झाले, दिलीप वेंगसरकर 139 धावांवर नाबाद राहिले, आणि अखेरचा फलंदाज अ‍ॅबी कुरुविला धावबाद होऊन मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकरांच्या डोळ्यांत आलेले पाणी मुंबईच्या क्रिकेटरसिकांनी अनेक विजेतेपदांपेक्षा जास्त जपून ठेवले आहे.

10 मार्च 2024 रोजी त्याच मैदानावर विदर्भ तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात उतरला. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी फैज फझल यांनी जामठ्याला आपला अखेरचा सामना खेळून निवृत्ती घेतली होती. नेतृत्व वाडकरकडे होते. मुंबईने पहिल्या डावात 224 धावा केल्या. विदर्भ 105 धावांत गारद झाला. मुशीर खानच्या 136 धावांच्या आधारे मुंबईने दुसऱ्या डावात 418 धावा केल्या आणि विदर्भापुढे 538 धावांचे लक्ष्य ठेवले. येथे सामना संपला असे मानून अनेकांनी लक्ष काढून घेतले असल्यास नवल नाही.

पाचव्या दिवशी विदर्भाने 5 बाद 248 वरून खेळ सुरू केला. वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी बाद होऊ दिला नाही. वाडकरचे शतक झाले. तीनशेचा टप्पा ओलांडला गेला, साडेतीनशेचाही. वानखेडेवर प्रथमच यजमानांच्या हालचालीत अस्वस्थता दिसू लागली. मग तनुष कोटियनच्या चेंडूवर वाडकर 102 धावांवर पायचीत झाला, तेव्हा फलक 353 दाखवीत होता. उरलेले गडी आणखी पंधरा धावांत संपले. 169 धावांचा पराभव आणि मुंबईचे बेचाळिसावे विजेतेपद, एवढीच नोंद आकड्यांनी ठेवली. ज्यांनी ती सकाळ पाहिली, त्यांच्या लेखी 2018 चा वाडकर आणि 2024 चा वाडकर हे एकाच डावाचे दोन भाग होते. पहिल्यात त्याच्या पाठीशी संघ होता, दुसऱ्यात संघ त्याच्या पाठीवर होता.

बेसबॉलच्या इतिहासकारांनी या संदर्भात एक सावधगिरी शिकविली आहे. 25 ऑक्टोबर 1986 रोजी बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू निसटला आणि एका शहराच्या दीर्घ दुर्दैवाचे खापर त्या एका माणसावर फुटले. प्रत्यक्षात त्यापूर्वीच बरोबरी झालेली होती आणि मालिकेचा एक सामना अजून बाकी होता. एका क्षणावर सारा भार टाकण्याची लोकस्मृतीची ही खोड विदर्भाच्या बाबतीतही पाहावयास मिळते. वानखेडेवरील पराभव वाडकर बाद झाल्याने झाला नाही. तो दुसऱ्याच दिवशी, 105 धावांच्या पहिल्या डावात झाला होता.

केरळ, 2025 : बदललेल्या बाजू

2024-25 च्या हंगामाची अखेर या सर्वांत अधिक गुंतागुंतीची होती. उपांत्य सामन्यात विदर्भाने जामठ्याला मुंबईचा 80 धावांनी पराभव करून वानखेडेची परतफेड केली. यश राठोडने दुसऱ्या डावात 151 धावा केल्या. पहिल्या डावात पार्थ रेखडे या नवोदित फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले होते.

त्याच दिवशी अहमदाबादेत दुसऱ्या उपांत्य सामन्याचा निकाल एका शिरस्त्राणाने लावला. केरळच्या 457 धावांना गुजरात दोन धावांनी कमी पडत असताना अखेरच्या फलंदाजाने मारलेला जोरदार फटका जवळ उभ्या असलेल्या सलमान निझारच्या शिरस्त्राणावर आदळला आणि उडून कर्णधार सचिन बेबी यांच्या हातात विसावला. केरळ प्रथमच अंतिम फेरीत आला. तो चेंडू टाकणारा गोलंदाज होता आदित्य सरवटे. 2019 च्या अंतिम सामन्याचा जामठ्याचा नायक त्या हंगामात केरळकडून खेळत होता.

26 फेब्रुवारी 2025 रोजी अंतिम सामना सुरू झाला तेव्हा सरवटे आपल्याच घरच्या मैदानावर पाहुणा म्हणून आला होता. विदर्भाची अवस्था 3 बाद 24 झाली असताना एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 धावांची भागीदारी केली. 2017 मध्ये ईडन गार्डन्सवर विदर्भाला घायकुतीला आणणारे ते हेच नायर. 2023 पासून ते विदर्भाकडे आले होते. कर्नाटकाने वगळलेला फलंदाज विदर्भाला तारत होता, आणि विदर्भातून गेलेला सरवटे केरळसाठी 79 धावा करीत होता. प्रेक्षकांपैकी जुन्या जाणकारांना टाळी कोणासाठी वाजवावी, हा प्रश्न पडला असेल.

मालेवार 153 धावांवर थांबला आणि विदर्भाने 379 धावा केल्या. केरळच्या डावात सचिन बेबी चिवटपणे खेळत आघाडीच्या दिशेने निघाले होते. 98 धावांवर असताना रेखडेच्या चेंडूवर त्यांनी उंच फटका मारला आणि नायर यांनी झेल घेतला. शतक दोन धावांनी हुकले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आघाडी हुकली. केरळ 342. सदतीस धावांचे हे अंतर पुढील दोन दिवस विदर्भाने जपून ठेवले. नायर यांनी दुसऱ्या डावात 135 धावा काढल्या. हर्ष दुबेने त्या हंगामात 69 बळी घेऊन एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम आधीच आपल्या नावावर केला होता.

रणजी करंडकाचा निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर लावण्याच्या पद्धतीवर वेळोवेळी टीका होते, आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. पाच दिवसांच्या लढतीचा शेवट कोणी कोणाला न हरवता व्हावा, हे बेसबॉलच्या प्रेक्षकाला तर समजणारच नाही. त्याच्या खेळात अनिर्णित निकालास जवळजवळ स्थान नाही. परंतु या पद्धतीमुळे निर्णायक क्षण सामन्याच्या शेवटापासून सुटून मध्यभागी येतो, तिसऱ्या दिवसाच्या उत्तरार्धात कोठेतरी, आणि ज्याला तो तेव्हाच ओळखता येतो तोच खरा जाणकार ठरतो. जामठ्याला तो क्षण बेबी यांच्या फटक्याचा होता.

2 मार्च 2025 च्या दुपारी विदर्भाच्या दुसऱ्या डावात 9 बाद 375 धावा झाल्या होत्या. दर्शन नळकांडेने अर्धशतक पूर्ण केले, दोन्ही कर्णधारांनी हात मिळविले आणि विदर्भाचे तिसरे विजेतेपद निश्चित झाले. यष्ट्या उखडल्या गेल्या त्या एकही गडी न पडता. वाडकरने करंडक स्वीकारला तेव्हा सरवटे उपविजेत्यांच्या रांगेत उभा होता.